भंडाऱ्याचा माल आणि कारागिराचें नांव

वैनगंगेच्या तीरावरील भंडारा या गांवाला पितळनगरी म्हणण्याचा प्रघात जुना आहे. इ. स. १११४ मध्यें कोरलेल्या रतनपूरच्या शिलालेखांत कलचुरि राजा जाजल्लदेव याला कर देणाऱ्या मुलखांमध्यें ‘भाणार’ हें नांव येतें. आणि ‘भाणें’ म्हणजे पितळेचें ताट, त्यावरून भाणारा व पुढें भंडारा, अशी व्युत्पत्ति लोक सांगतात. ती शास्त्रशुद्ध असो वा नसो, गांवानें ती आनंदानें पत्करली आहे. ज्या धंद्यानें पोट भरलें त्याच धंद्यावरून आपल्या गांवाचें नांव पडलें, असें मानणें कोणाला आवडणार नाहीं?

पण या पितळनगरीच्या भांड्यांविषयीं एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. विदर्भांतील एखाद्या जुन्या घराचें फडताळ उघडून पितळेचा गुंड, गंगाळ किंवा परात उजेडांत धरावी. कांठाखालीं बारीक ठिपक्यांनीं कोरलेलें नांव दिसेल. तें नांव आहेर करणाऱ्या मामाचें असतें, किंवा घरच्या कर्त्या पुरुषाचें असतें. शेजारीं लग्नाची मिति असते, गांवहि असतें. ज्यानें तें भांडें ओतलें, ठोकलें आणि घासून झळाळीस आणलें, त्याचें नांव मात्र त्यावर कोठेंच नसतें. देणाराचें नांव उरलें, घेणाराचें उरलें, करणाराचें उरलें नाहीं.

धंद्याच्या प्रसिद्धीचा या जिल्ह्यांतील इतिहास पाहूं गेल्यास तो बहुतांशीं असाच आहे. माल नांवाजला गेला, माल विकणारा नांवाजला गेला. माल करणारा निनांवी राहिला. हातांतल्या फोनवरून कोणीहि आपला धंदा जगापुढें मांडूं शकतो अशी आज जी परिस्थिति आहे, तिच्याकडे या इतिहासाच्या अंगानें पाहिलें, तर तिच्यांतलें नवें किती आणि जुनें किती हें नीट दिसूं लागतें.

जुन्या काळीं कारागिराला नांवाची जरूरीहि नव्हती. आठवड्याच्या बाजारांत कासार आपल्या ठराविक जागीं बसे, कोष्टी आपल्या जागीं. गिऱ्हाईक दहा-बारा कोसांच्या टापूंतलें. भांडें गळूं लागलें तर पुढच्या बाजारीं तें त्याच माणसाच्या पुढ्यांत आणून आदळतां येई. अशा ठिकाणीं शिक्का-मोर्तबाची काय मातब्बरी? कारागिराचा चेहरा हाच त्याचा शिक्का. एखादी गोष्ट साऱ्या गांवाला कळवावयाची झाली तर कोतवालाची दवंडी होती. ती ऐकली त्यानें ऐकली, न ऐकली त्याला शेजाऱ्यानें सांगितली.

याहून मोठी जाहिरात म्हणजे मंडई. नागपूरच्या पूर्वेकडील भातशेतीच्या या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात, आणि दिवाळी उलटली कीं या मुलखांत गांवोगांव मंडई भरते. हलकें धान हातीं आलेलें, पाहुणेरावळे जमलेले, रात्रीं दंडार किंवा नाटक. झाडीपट्टीची रंगभूमि पुढें एवढी फोंफावली कीं वडसा-देसाईगंज येथें नाटकमंडळ्यांचा एक स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला. नाटकाला आलेला मनुष्य रात्रभर जागतो आणि सकाळीं बाजार करून घरीं जातो, हें दुकानदारांनीं फार लवकर ओळखलें होतें. पुण्या-मुंबईच्या नाट्यरसिकांना झाडीपट्टीचें नाटक ठाऊक असतें, पण त्याच्या आसपास भरणारी ही पेठ ठाऊक नसते. करमणुकीच्या कडेला आपला माल मांडून बसण्याची जी युक्ति आजच्या समाजमाध्यमांचा प्राण आहे, ती मंडईंत पूर्वापार चालत आलेली आहे.

हा चेहऱ्याच्या ओळखीवर चाललेला व्यवहार मोडला तो आगगाडीनें. नागपुराहून छत्तीसगडाकडे जाणारी मीटरमापी रेल्वे १८८२ पर्यंत राजनांदगांवला पोंचली. पुढें बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें ती हातीं घेऊन रुंदमापी केली. भंडाऱ्याचें स्टेशन मात्र भंडाऱ्यांत झालें नाहीं. तें कांहीं मैलांवर वरठीला झालें आणि त्याला ‘भंडारा रोड’ असें नांव मिळालें. गाडींतून जाणाऱ्या प्रवाशाला गांव दिसतच नाहीं, फलाटावरची पाटी तेवढी दिसते. तुमसर, गोंदिया हीं गांवें रेल्वेमुळें बाजारपेठा बनलीं. १९०३ नंतर सातपुड्यांतून जबलपूरकडे जाणारा अरुंदमापी फांटा सुरूं झाल्यावर गोंदियाला जंक्शनचें महत्त्व आलें. माल आतां अशा माणसाकडे जाऊं लागला, कीं ज्यानें तो करणाराला कधीं पाहिलें नव्हतें व पुढेंहि पाहणार नव्हता. अशा मालाला साक्षीदार हवा होता. तो साक्षीदार म्हणजे छापील लेबल, आणि या जिल्ह्यांत तें सर्वांत आधीं व सर्वांत मोठ्या प्रमाणावर आलें विडीच्या कट्ट्यावर.

गोंदिया १९९९ सालच्या १ मेपर्यंत भंडारा जिल्ह्यांतच होतें, हें येथें लक्षांत ठेवावें लागेल. विडीच्या धंद्याची जी हकीकत सामान्यतः सांगितली जाते ती अशी: १८९९ च्या सुमारास गुजराथेंत भीषण दुष्काळ पडला, त्यामुळें देशोधडीला लागलेलीं कांहीं पाटीदार कुटुंबें रेल्वेच्या कामावर या भागांत आलीं, आणि येथील रानांत पसरलेल्या तेंदूच्या पानांत त्यांना धंदा दिसला. गुजराथची तंबाखू, झाडीपट्टीचें पान आणि येथल्याच दरिद्री घरांतील हात, अशा तीन गोष्टी एकत्र आल्या. असहकारितेच्या चळवळींत विलायती सिगारेटवर बहिष्कार पडला, तेव्हां देशी विडीच्या खपाला आणखी जोर आला.

आतां विडी ही वस्तु अशी, कीं एकीपासून दुसरी वेगळी ओळखूं येत नाहीं. पान तेंच, आकार तोच, किंमतहि जवळपास तीच. मग गिऱ्हाइकानें आपलीच विडी मागावी कशी? कारखानदारांनीं यासाठीं जें केलें तें जाहिरातशास्त्राच्या कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत घालण्याजोगें आहे. विडीला बांधावयाच्या सुताचा रंग ठरवून टाकला. कट्ट्यावर रंगीत कागद चिकटविला आणि त्यावर चित्र छापलें: कोठें घोडा, कोठें वाघ, कोठें नुसता एखादा आंकडा, आणि पुष्कळदां खुद्द मालकाचाच फोटो, टोपी किंवा पागोटें घातलेला, सरळ गिऱ्हाइकाकडे पाहणारा. खालीं बजावणी, कीं नकली मालापासून सावध राहा, फोटो पाहून विडी घ्या. घेणारा बहुधा निरक्षर. अक्षर त्याला वाचतां येत नव्हतें, पण चेहरा वाचतां येत होता. बाजारांतल्या कासाराचा चेहरा रेल्वेनें दूर नेला होता. लिथोच्या छापखान्यानें तो, एका वेगळ्याच माणसाचा कां होईना, गिऱ्हाइकाच्या हातांत परत आणून दिला. १९४० सालीं हिंदुस्थानांत व्यापारी चिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला, तेव्हां या फोटोंना आणि आंकड्यांना कायद्याचेंहि कवच मिळालें.

या लेबलाची थट्टा करण्याचें कारण नाहीं. त्याच्यामागें एक वचन होतें, कीं आज घेतलेली विडी आणि सहा महिन्यांनीं दुसऱ्या गांवीं घेतलेली विडी एकसारखी लागेल. आणि तें वचन जो पाळी त्याचाच धंदा टिके. परंतु तें वचन पाळण्याचे कष्ट कोण करीत होतें? उन्हाळ्यांत पहांटे उठून रानांत पानें तोडणारीं माणसें, आणि घरच्या ओसरीवर सूप मांडींत घेऊन दिवसाला शेंकड्यांनीं विड्या वळणाऱ्या बाया. मध्यप्रांतांत कारखानदार आणि त्या बाया यांच्यामध्यें ‘सट्टेदार’ नांवाचा ठेकेदार असे. तो पान-तंबाखू मोजून देई, विड्या मोजून घेई आणि त्यांतल्या कांहीं ‘छाट’ म्हणून बाजूला काढी. छाट झालेल्या विडीची मजुरी नाहीं. ती विडी वळणारीलाहि परत मिळत नाहीं, ती मालकाकडेच राहते, ही या धंद्यांतली जुनी तक्रार. १९३७ सालीं मध्यप्रांत सरकारनें अनियंत्रित कारखान्यांचा कायदा करून विडीच्या कारखान्यांकडे प्रथम लक्ष दिलें. सबंध देशाला लागू होणारा विडी-कामगारांचा कायदा १९६६ सालीं झाला, आणि छाटीच्या तंट्यांची दखल त्यांत घ्यावी लागली. लेबलावर फोटो असलेल्या माणसाला लाखों लोक ओळखत होते. विडी वळणारीला सट्टेदाराच्या वहीबाहेर कोणी ओळखत नव्हतें, आणि त्या वहींतहि पुष्कळदां नांव तिच्या नवऱ्याचें असे.

प्रसिद्धीनें मिळालेल्या पैशाचा विनियोग कांहींनीं चांगलाहि केला, हें नमूद केलेंच पाहिजे. गोंदियाचे विडी-व्यापारी मनोहरभाई पटेल यांनीं १९५८ सालीं गोंदिया एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि या मागासलेल्या टापूंत शाळा-महाविद्यालयें उभीं राहिलीं. आज मात्र तें रंगीत लेबल जवळजवळ झांकून गेलें आहे. २००३ च्या कायद्यानें तंबाखूच्या जाहिरातीला बंदी केली, २००९ पासून वेष्टनावर रोगाचें चित्र आलें आणि २०१६ पासून वेष्टनाचा शेंकडा ८५ भाग त्या इशाऱ्यानें व्यापला. ज्या वस्तूनें या जिल्ह्याला जाहिरात शिकविली तिची जाहिरात करणें आज गुन्हा आहे, आणि प्रकृतीच्या दृष्टीनें तें योग्यच आहे.

लेबल नजर वेधून घेतें, पण तें बोलत नाहीं. गिऱ्हाइकाशीं बोलून, त्याला शहाणें करून माल खपविण्याचा मार्ग महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला शोधला गेला. त्याची हकीकत भंडाऱ्याहून दूरची असली तरी येथें आणल्यावांचून गत्यंतर नाहीं. कारण ज्याला आज ‘ब्लॉग’ म्हणतात त्याचा मराठींतला खरा पूर्वज तोच आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवांत सायकलीच्या दुकानापासून सुरवात केली आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. शेतकरी तो घेईनात. लोखंडानें जमीन विषारी होते अशी समजूत होती. पहिले पांच-सहा नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं. १९१० सालीं औंध संस्थानच्या हद्दींत किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० सालीं तेथून ‘किर्लोस्कर खबर’ नांवाचें एक छोटें मासिक निघूं लागलें. पुतणे शंकरराव हें मासिक चालवीत. ते चित्रकलेचें शिक्षण घेतलेले होते, त्यामुळें कारखान्याचें पत्रक कसें दिसूं नये हें त्यांना नेमकें ठाऊक होतें. नांगर कसा धरावा, चरक कसा जपावा, हें त्यांत येई. पण त्याबरोबर उद्योगी माणसांच्या गोष्टी, विज्ञान, समाजसुधारणेचे लेख, विनोद, चित्रें हींहि येत. अमेरिकेंत जॉन डिअर या नांगरांच्याच कारखान्यानें १८९५ पासून ‘द फरो’ म्हणजे ‘तास’ या नांवाचें असेंच एक पत्र चालविलें होतें, आणि तें आजहि निघतें. दोन्ही ठिकाणीं नांगरच असावा हा योगायोग खरा, पण त्यालाहि कारण आहे. नांगर ही वस्तु रोज घेण्याची नव्हे. ती घेण्यापूर्वी माणूस वर्ष-दोन वर्षें विचार करतो. त्या वर्ष-दोन वर्षांत त्याच्याशीं कोणी तरी बोलत राहिलें पाहिजे.

‘खबरे’चें पुढें काय झालें हें महाराष्ट्र जाणतो. ‘खबर’ हा शब्द गळाला, ‘किर्लोस्कर’ हें मराठींतलें एक अग्रगण्य मासिक झालें, त्याच्या जोडीला १९३० मध्यें ‘स्त्री’ आणि १९३४ मध्यें ‘मनोहर’ निघालें. कित्येक घरांत नांगराशीं कांहीं संबंध नसतांना किर्लोस्करांचें नांव आदरानें घेतलें जाऊं लागलें. भंडाऱ्याचा कासार किंवा आंधळगांवचा कोष्टी असें मासिक काढूं शकला असता काय? अर्थातच नाहीं. त्याला छापखाना हवा, कागद हवा, टपालखर्च हवा आणि लिहिणारा मनुष्य हवा. ज्याच्यापाशीं कारखाना होता त्यालाच बोलतां येत होतें.

वर्तमानपत्र आणि रेडिओ यांचीहि गोष्ट निराळी नाहीं. नागपुरांत गोपाळराव ओगले यांचें ‘महाराष्ट्र’ १९१४ सालीं निघालें, आकाशवाणीचें नागपूर केंद्र १९४८ च्या १६ जुलैला सुरूं झालें, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई-पुण्याबरोबर नागपूरच्याहि विविध भारतीवर व्यापारी जाहिराती ऐकूं येऊं लागल्या. साबण, चहा, डोकेदुखीच्या गोळ्या यांचीं नांवें भंडाऱ्याच्या खेड्यापाड्यांत पोंचलीं. भंडाऱ्याच्या खेड्यापाड्यांतलें नांव मात्र त्या वाटेनें बाहेर गेलें नाहीं. वाट एकाच दिशेची होती.

याच काळांत पितळेवर संकट आलें. आधीं ॲल्युमिनियम आणि मग स्टेनलेस स्टील. कल्हईची कटकट नाहीं, चिंचेनें घासणें नाहीं, वजनाला हलकें. जुन्या कपड्यांवर स्टीलचें भांडें देणारी बोहारीण दारांत येऊं लागली, आणि पितळेचे गुंड मोडीत निघाले. त्यांवर कोरलेलीं मामांचीं नांवें भट्टींत वितळून गेलीं. पितळेच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ होतें. पितळ फुटलें तरी मोडीची किंमत येते, झिजलेलें भांडें पुन्हां ओततां येतें. पण हें बोलणार कोण? स्टीलमागें मोठमोठे कारखाने होते. पितळेमागें भंडाऱ्याच्या अरुंद गल्ल्यांतल्या निनांवी भट्ट्या होत्या. केवळ प्रसिद्धीच्या अभावीं हा धंदा खालावला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल, कारण स्टीलची सोय खरी होती. तरीपण आज त्याच शहरांतलें सुशिक्षित कुटुंब पितळेची पातेलीं हौसेनें आणि चढ्या दरानें विकत घेतें तें पाहिलें, म्हणजे मधल्या पन्नास वर्षांत कारागिराच्या बाजूनें एक शब्दहि बोलला गेला नाहीं याचें वाईट वाटल्याखेरीज राहत नाहीं.

जें अजून पुरतें गेलेलें नाहीं तें म्हणजे कोशाचें कापड. ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसरचे किडे पोसले जातात. ढिवर समाजाचीं माणसें रानांत राहून त्यांची राखण करतात. पांखरांपासून आणि मुंग्यांपासून त्यांना जपावें लागतें. कोसले उकळून त्यांचा धागा काढतात, आणि मोहाडी तालुक्यांतील आंधळगांव वगैरे ठिकाणीं कोष्टी त्याचें वस्त्र विणतात. या वस्त्रांतलें प्रसिद्ध लुगडें म्हणजे करवतकांठी. त्याच्या कांठाला करवतीसारखे दांते असतात. हे दांते कापडावर भरलेले नसतात. तीन धोटे चालवून कांठाचे आणि अंगाचे धागे विणतांनाच एकमेकांत गुंतविले जातात. त्यासाठीं मागावर सराईत हात लागतो आणि वेळहि फार जातो. यंत्रमागावर काढलेली नक्कल लांबून हुबेहुब दिसते व पुष्कळ स्वस्त पडते. नागपूर-पुण्याच्या दुकानांत लुगडें विकलें जातें तें दुकानाच्या नांवावर. घेणारी बाई मैत्रिणीला दुकानाचा पत्ता सांगते; आंधळगांवचा सांगत नाहीं, कारण तो तिला कोणी सांगितलेला नसतो.

या स्थितींत फोन आला. व्हॉट्सॲप २००९ सालचें. परंतु खेड्यांत त्याचा खरा प्रसार झाला तो २०१६ च्या सप्टेंबरांत जिओ कंपनीनें इंटरनेट स्वस्त केल्यावर. लहान दुकानदारांसाठीं व्हॉट्सॲपचा वेगळा प्रकार २०१८ च्या जानेवारींत निघाला. त्यांत मालाचीं चित्रें आणि किंमती मांडून ठेवतां येतात. गूगलच्या नकाशावर आपलें दुकान फुकट दाखल करतां येतें, आणि भंडारा रोडच्या फलाटावर न दिसणारें गांव प्रवाशाच्या तळहातावर दिसूं लागतें. जाहिरातीला जो पैसा लागे तो नाहींसा झाला. कोष्ट्याला प्रथमच वर्तमानपत्रावांचून, रेडिओवांचून आणि व्यापाऱ्यावांचून पुण्यांतल्या गिऱ्हाइकापुढें उभें राहतां येऊं लागलें. इतिहासाच्या दृष्टीनें ही गोष्ट रेल्वेइतकीच मोठी आहे, आणि तिची दिशा रेल्वेच्या उलट आहे. रेल्वेनें माल नेला आणि चेहरा मागें ठेवला. फोन चेहरा आधीं नेतो, माल मागून जातो.

तथापि ज्यांनीं लुगड्याचें चित्र काढून फेसबुकावर टाकलें आणि स्वस्थ बसले त्यांची निराशा ठरलेली. चित्र म्हणजे पुन्हां लेबलच. तें नजरेसमोरून सरकतें, आणि दुसऱ्या दिवशीं दवंडीसारखें हवेंत विरून जातें. शिवाय चित्राची चोरी सोपी आहे. हातमागाच्या लुगड्याचें चित्र दाखवून यंत्रमागाचें लुगडें धाडणारा लबाड दूर कोठें तरी बसलेला असतो, आणि फसलेलें गिऱ्हाईक रागावतें तें करवतकांठीच्या नांवावर. चित्रावरून फरक कळत नाहीं. तो समजावून सांगावा लागतो. कांठाची उलटी बाजू कशी पाहावी, खऱ्या टसरचा पोत असा खडबडीत कां, लुगडें धुवावें कसें, एवढे दिवस कां लागतात, हें ज्याला माहीत आहे त्यानेंच लिहिलें पाहिजे, आणि ‘किर्लोस्कर खबरे’प्रमाणें लिहीत राहिलें पाहिजे.

यासाठीं आतां छापखाना लागत नाहीं. १९९९ सालीं ‘ब्लॉगर’ नांवाची सोय निघाली आणि कोणालाहि फुकटांत स्वतःचें नियतकालिक चालवितां येऊं लागलें. पुढें युनिकोडमुळें देवनागरींत लिहिणें आणि शोधणें दोन्ही सुलभ झालें. असें एक पान लिहून ठेवलें तर दोन वर्षांनींहि ‘खरें करवतकांठी कसें ओळखावें’ असा शोध करणाऱ्या माणसाच्या हातीं तें लागण्याचा संभव असतो. फेसबुकावरचें चित्र तोंवर हजारों चित्रांखालीं गाडलेलें असतें. कारागिराला लिहितां येत नाहीं हा आक्षेप फारसा खरा नाहीं. त्याच्या घरांतली दहावी-बारावी झालेली मुलगी तो बोलेल तें लिहूं शकते, आणि बापाच्या बोलण्यांतले ‘धोटा’, ‘ताणा’, ‘पाजणी’ हे शब्द तिनें तसेच ठेवले तर शहरांतला वाचक ते अधिक आवडीनें वाचतो. चित्र लोकांना बोलावून आणण्यासाठीं, लेख त्यांना बसवून घेण्यासाठीं, आणि मग बोलणें-भाव ठरविणें व्हॉट्सॲपवर, अशी वांटणी ज्यांनीं केली आहे त्यांचे कष्ट कमी फुकट जातात.

एक धोका मात्र विडीच्या इतिहासानें दाखवून ठेवला आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब हे बाजार फुकट दिसतात, पण ते दुसऱ्याच्या मालकीचे आहेत. कोणाचें चित्र किती लोकांना दाखवावें हें ठरविण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे. आज शंभर जणांना दाखवितील, उद्यां पैसे भरल्यावांचून दहांनाच दाखवितील, आणि कारण विचारण्याची सोय नाहीं. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें टिकटॉकवर बंदी घातली. हजारों लहान कलावंतांनीं आणि दुकानदारांनीं वर्षानुवर्षें जमविलेला प्रेक्षक एका रात्रींत नाहींसा झाला. बंदी योग्य कीं अयोग्य हा वेगळा विषय. गिऱ्हाइकांची यादी दुसऱ्याच्या वहींत असली म्हणजे काय होतें हें त्या दिवशीं पुष्कळांना कळलें. सट्टेदाराचीहि वहीच होती. म्हणून गिऱ्हाइकांचीं नांवें आणि फोन-नंबर त्यांच्या संमतीनें स्वतःच्या वहींत उतरून घेणें, आणि लिहिलेल्या लेखांची प्रत स्वतःपाशीं ठेवणें, एवढें तरी केलेंच पाहिजे.

सरकारी शिक्क्यांचा आधारहि आतां आहे. रेशमाच्या शुद्धतेसाठीं २००४ सालीं ‘सिल्क मार्क’ निघाला, हातमागाच्या कापडासाठीं २००६ सालीं ‘हँडलूम मार्क’. त्याहून महत्त्वाचें म्हणजे भौगोलिक निर्देशनाचा १९९९ चा कायदा, जो २००३ च्या सप्टेंबरांत अमलांत आला. त्याखालीं करवतकांठी लुगड्याची नोंद झालेली आहे, आणि भंडाऱ्याच्या सुगंधी चिन्नोर तांदळालाहि ती मिळाली आहे. चिन्नोरच्या बाबतींत घाई करणें भागच होतें, कारण सरहद्दीपलीकडील बालाघाटच्या चिन्नोरनें २०२१ सालीं आपली नोंद करून घेतली होती. एकाच दाण्याचीं दोन माहेरें झालीं, आणि गिऱ्हाइकाला आतां भंडाऱ्याचा कोणता हें सांगत बसण्याचें काम उत्पादकांकडेच आलें.

ही नोंद संस्थेच्या नांवानें होते, तेव्हां कारागीर पुन्हां निनांवीच राहिला असें वाटण्याचा संभव आहे. पण कायद्यांत दुसरी एक पायरी आहे, आणि तिची माहिती फार थोड्यांना असते. नोंद झालेल्या मालाचा प्रत्येक उत्पादक, मग तो एकाच मागाचा धनी कां असेना, ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदवहींत स्वतःचें नांव वेगळें दाखल करूं शकतो. त्या अर्जांत उत्पादकाचें नांव आणि पत्ता लिहावा लागतो. नोंद दहा वर्षें टिकते आणि पुढें वाढवितां येते. मोहाडी-आंधळगांवच्या ज्या घरांत माग अजून चालू आहेत, तेथें फोनवर नवें चित्र चढविण्याआधीं हा अर्ज भरून घेतला, तर चित्राखालीं काय लिहावें हा प्रश्न पुष्कळ सोपा होईल.